घराण्याचा घोळणा

बाबा,

मरोळला तुमची रंगाची कंपनी होती तिथे आता काचेची इमारत उभी आहे. खाली कॉफीचं दुकान आहे, आणि आधी इथे काय होतं हे गेटवरच्या वॉचमनलासुद्धा माहीत नसेल. परवा आई आणि मी रिक्षाने तिथून गेलो. त्या वळणावर आई नेहमी तोंड फिरवते, तुम्ही गेल्यापासून फिरवत आली आहे. परवा तिनं फिरवलं नाही. सरळ त्या इमारतीकडे बघत राहिली, आणि सिग्नल सुटल्यावर पदर सारखा करून मला म्हणाली, "चल, दूध घ्यायचंय." एवढंच. हे तुम्हाला सांगावं असं वाटलं, आणि ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं.

तुमच्याविषयी मला सगळ्यात आधी आठवतो तो तुमच्या हातांचा वास. पाळी संपली की तुम्ही कंपनीतच थिनरनं कोपरापर्यंत हात धुवायचात आणि तसेच घरी यायचात. आई ताट वाढताना म्हणायची, "साबण लावा की एकदा," आणि तुम्ही म्हणायचात, "साबणानं रंग जात नाही गं, थिनरनं जातो." खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असायची, त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. झेंडूच्या माळा घातलेली मोठमोठी पिंपं, जमिनीवर वर्षानुवर्षं सांडून घट्ट झालेले रंगांचे थर, आणि सगळीकडे तोच तुमच्या हातांचा वास. तुम्ही मला तुमच्या टेबलापाशी नेलंत. एका पत्र्याच्या पट्टीवर दोन रंग शेजारी शेजारी ओढलेले होते, एक गिऱ्हाइकानं पाठवलेला, एक तुम्ही मिसळलेला. "सांग बघू, सारखे आहेत?" मी लगेच म्हणाले, सारखे. तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "ओल्या रंगावर बोलायचं नाही. सुकू दे, मग तोंड उघड." तुमच्याबरोबरचे लोक हसले. मला इतका राग आला की मी पेढा खाल्ला नाही. पण त्याच रविवारी तुम्ही बाद झालेल्या मालातला एक हिरवट निळा डबा घरी आणलात आणि माझं अभ्यासाचं टेबल रंगवून दिलंत. तसला रंग कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हता. म्हणून तर तो बाद झाला होता.

आणि आपला घोळणा. आपल्या घरात कुणाच्या नाकातून रक्त आलं तर त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. तुमचा घोळणा फुटायचा, माझा फुटायचा, धाकट्या भावाचा तर उन्हाळ्यात उठसूट. एकदा शाळेत प्रार्थनेला उभी असताना माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर रक्त सांडलं. बाईंनी घाबरून घरी पाठवलं. मी रडत आले. तुमची दुसरी पाळी होती म्हणून तुम्ही घरी होतात. स्वयंपाकघरातल्या मोरीशी बसवून तुम्ही माझी मान खाली दाबलीत. "रडतेस कशाला? मान वर करायची नाही. पुढे वाक. रक्त गिळायचं नाही." मग बुक्कीनं कांदा फोडून माझ्या नाकाशी धरलात. गावाहून आलेली आजी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. ती सुपातनं नजर न काढता म्हणाली, "आमच्या घराण्यात सगळ्यांचोच घोळणो फुटता. उष्णता ती." तुमच्या वडलांचाही फुटायचा. ते तरणेताठे असताना तापानं गेले, शेवटी हिरड्यांतून रक्त येत होतं, हेही आजी सांगायची, पण ते दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी, दुसऱ्या कुठल्या तरी बोलण्यात. ह्या दोन गोष्टी एकीला एक लावून कुणी कधी सांगितल्या नाहीत.

मी दहावीत असताना तुमच्या दंडांवर काळेनिळे डाग यायला लागले. आई विचारायची, कुठे आपटलात? तुम्हाला आठवायचं नाही. मग तुम्ही जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबायला लागलात आणि खालच्या मजल्यावरच्यांशी उगाच गप्पा मारायला लागलात, म्हणजे दम लागलाय हे कळू नये. दवाखान्यातून टॉनिक आणलं. ते संपायच्या आत ताप आला आणि उतरेना. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी आईला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, ब्लड कॅन्सर. आजाराचं पूर्ण नाव मी तुमच्या पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर वाचलं, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, आणि त्याचं स्पेलिंग पाठ केलं. का केलं ते मला आजही सांगता येणार नाही. शेवटच्या आठवड्यात तुम्ही डोळे उघडून मला विचारलंत, "पेपर कसे गेले?" मी म्हणाले, "अजून सुरू व्हायचेत बाबा." तुम्ही म्हणालात, "असं होय." तुमचं माझं शेवटचं बोलणं ते.

तेराव्याला तुमच्या कंपनीतले एक काका आले होते. आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. जाताना दाराशी हळूच म्हणाले, "वहिनी, थिनर आहे ते. माणसाचं रक्त पितं. ह्याच्या आधी आमच्यातला एक असाच गेला." आईनं तो गार झालेला चहा मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी ती उठून तुमच्या कंपनीत गेली. तिथे कुणी तरी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की असं काही नसतं. ती परत आली, माझं निळं टेबल ओढत गॅलरीत नेलं आणि खाली भंगारवाला ओरडत होता त्याला बोलावून देऊन टाकलं. "त्यांचा रंग घरात नको," म्हणाली. मी जमिनीवर पाट मांडून दहावीचा अभ्यास केला. आपल्या घराच्या दारांना त्यानंतर कधी ऑइल पेंट लागला नाही. चाळ पाडून इमारत झाली, वन रूम किचनचा फ्लॅट मिळाला, तरी आईनं बिल्डरच्या माणसाला दारातून परत पाठवलं.

मी ह्या संशोधनाच्या कामात शिरले ती तुमचं थिनर पकडायला. लोकांना मी वेगळं सांगते, की मला जीवशास्त्राची आवड होती वगैरे. पण मला कुणी तरी मारेकरी हवा होता आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली सापडेल असं वाटत होतं. त्या काकांचं बोलणं खोटं नव्हतं, बाबा. थिनरमध्ये बेन्झिन असलं तर ते रक्ताच्या मुळावर येतं, हे तेव्हाही माहीत होतं. तुमच्या पिंपात ते किती होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी शिकत गेले, डॉक्टरेट केली, लग्न केलं नाही, आणि फिरत फिरत अशा कामावर आले की ज्या घरांत हा आजार एकाहून जास्त माणसांना झाला त्या घरांचं रक्त तपासायचं. त्या घरांच्या वंशावळी मी कागदावर काढते. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. आजारी असेल तर ते काळं भरायचं, माणूस गेलेलं असेल तर त्यावर तिरकी रेघ. अशा किती तरी घरांचे चौकोन मी शांतपणे काळे केले.

मग एक दिवस घाटकोपरहून एक गृहस्थ आले. त्यांचा मुलगा वॉर्डात होता आणि पुतण्या आधीच गेला होता. मी नेहमीचे प्रश्न विचारत होते, घरात कुणाला रक्ताचा आजार, कुणाला लहानपणापासून काही त्रास? ते म्हणाले, "नाही मॅडम, तसं काही नाही आमच्यात. घोळणा फुटतो तेवढा. सगळ्यांचाच फुटतो, उष्णतेनं." माझं पेन थांबलं. घराण्यात उतरणाऱ्या ह्या आजारामागच्या जीनवरचे पेपर मी वर्षानुवर्षं वाचत होते. प्लेटलेट्स कमी, रक्तस्रावाची प्रवृत्ती, पुढे मायलॉइड ल्युकेमियाचा धोका, हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण ते इंग्रजीत होतं. इंग्रजीत ते लक्षण होतं, आणि मराठीत ती आमच्या घराण्याची सवय होती. त्या गृहस्थांनी विचारलं, "काय झालं मॅडम?" मी म्हणाले, "काही नाही. पुढे सांगा." ते गेल्यावर मी कोरा कागद घेतला आणि आपल्या घराची वंशावळ काढली. तुमच्या वडलांचा चौकोन. तुमचा चौकोन. दोन्ही काळे, दोन्हींवर रेघ.

घाई केली नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेत, मला न ओळखणाऱ्या माणसांकडे, दंडावरच्या कातडीचा एवढासा तुकडा दिला आणि वाट पाहिली. रक्त घडवणाऱ्या त्या एका जीनमध्ये माझ्याकडे एका अक्षराची चूक आहे. पुढे गावच्या आत्याचं रक्त मागवलं, तिच्यातही तीच. आत्या सत्तरीच्या पुढे गेली आहे, अजून आंब्याच्या पेट्या भरते, तिला काहीही झालेलं नाही. सगळ्यांना होतंच असं नाही, बाबा. ही चूक म्हणजे आजार नव्हे. तिच्यावर आणखी काही चुका जमा व्हाव्या लागतात, कधी आपोआप, कधी कशानं तरी. तुमच्यात त्या कशानं जमा झाल्या, ते मी इतकी शिकूनही सांगू शकत नाही. ज्या आईला मी मारेकरी शोधून देणार होते तिला आता एवढंच सांगू शकत होते की दार आतून उघडं होतं, आणि बाहेरून कुणी ढकललं का ते माहीत नाही.

धाकट्याला सांगायला मी बोरिवलीला त्याच्या घरी गेले. तो विमानतळावर मालवाहतुकीच्या ऑफिसात होता, तुम्ही पाहिलात तेव्हा गोट्या खेळणारा, आता पोट सुटलेला, केस विरळ झालेला. वहिनी आत पोहे करत होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "औषध आहे?"

"नाही. लक्ष ठेवायचं. रक्त तपासत राहायचं."

"आणि तपासून वाईट निघालं तर?"

"तर लवकर कळेल."

"मग मला कशाला सांगितलंस यार ताई? मी झोपत होतो ना नीट." मग आतल्या बाजूला बघून हळू आवाजात म्हणाला, "आईला सांगू नकोस. तिला कंपनीवरच राग धरू दे. तिचं सगळं आयुष्य त्या रागावर उभं आहे." त्यानं तपासून घेतलं नाही. मी पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा त्यानं विषय बदलला. मीही मग सोडून दिलं, कारण त्याचा प्रश्न बरोबर होता.

दोन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचा फोन आला. "ताई, पायावर डाग आलेत. बाबांसारखे." बाकी काही बोलायची गरजच नव्हती. पहिली केमो लागू पडली, पण ती पुरणार नव्हती. बोन मॅरो बदलावा लागणार होता. सख्ख्या भावंडांत तो जुळण्याची आशा सगळ्यात जास्त, म्हणून माझा तपासला. सगळ्याच्या सगळ्या खुणा जुळल्या. एवढं चांगलं जुळणं फार थोड्यांच्या नशिबी येतं, आणि ते काही कामाचं नव्हतं, कारण माझ्या मॅरोतही तीच चूक आहे. त्याला देऊन काय करणार होते, तोच आजार पुन्हा पेरायचा? डॉक्टरांनी अहवाल बाजूला सारला आणि माझ्याकडे बघितलं. मलाच समजावून सांगायची त्यांना लाज वाटत असावी. धाकट्यानं आईला सांगून टाकलं, "ताईचं जुळलं नाही." आई तेव्हा म्हणाली, "सख्ख्या बहिणीचं जुळत नाही म्हणजे काय?" आणि बरेच दिवस बिल्डिंगमध्ये भेटेल त्याला हेच विचारत राहिली.

त्याची मुलगी वीस वर्षांची आहे, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. अर्धी जुळणारी म्हणून तिचा मॅरो चालण्यासारखा होता, पण तो घ्यायचा तर आधी तिच्यात ती चूक आहे का ते बघणं आलं. धाकटा नको म्हणाला. वहिनी रडायला लागली. मीही, तिला आत्ता कशाला, असं काही तरी पुटपुटले. ती पलंगाच्या कडेला बसली होती, म्हणाली, "आत्या, तुम्ही सगळे माझ्याबद्दल मी इथे नसल्यासारखं बोलताय. मला विचारा ना. मला कळून घ्यायचंय." निकाल आला तेव्हा मी तो तीनदा वाचला. तिच्यात चूक नव्हती. बाबा, तुमच्या वडलांपासून आलेली ती गोष्ट त्या मुलीपाशी थांबली. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर चहा प्यायलो आणि दुसरा मागवला. त्या सबंध वर्षातला चांगला दिवस म्हणावा असा तोच.

तिनं मॅरो दिला. तो त्याच्यात रुजला, पांढऱ्या पेशी वर यायला लागल्या, तो घरी आला, दिवाळीला दारात कंदील लागला तो त्यानं गादीवरून पाहिला. मग त्याच्या अंगावर पुरळ आलं, पोट बिघडलं. मुलीचं रक्त बापाच्या शरीराला परकं समजून भांडायला लागलं. हे होतं, होऊ शकतं, ह्याची औषधं असतात, ती देतात, आणि त्या औषधांनी माणूस इतका उघडा पडतो की साधा जंतूही पुरतो. त्याच्या छातीत संसर्ग झाला. मी काचेबाहेर उभी होते आणि आतल्या यंत्रावरचा प्रत्येक आकडा मला वाचता येत होता. वहिनी सारखी विचारत होती, "सुधारतंय ना?" तुम्हाला नेलं तेव्हा मी आईच्या शेजारी उभी राहून काहीच न समजता वाट बघितली होती. ते बरं होतं.

स्मशानातून आल्यावर माझी भाची आंघोळ करून ओल्या केसांनी माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, खरं सांग हां. माझ्या रक्तानं मारलं ना त्याला?" मी म्हणाले, "तुझ्या रक्तानं त्याला दिवाळी दाखवली." ती म्हणाली, "हे उत्तर नाही." मी म्हणाले, "माहितेय. पण ह्याच्याहून खरं मला येत नाही."

तो जाऊन महिना झाला होता. गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघी जेवलो, मी भांडी आवरत होते, आणि ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी निवडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "त्यानं तर कधी रंगाचा डबासुद्धा उघडला नाही. मग त्याला कसं झालं?"

धाकट्यानं सांगू नको म्हटलं होतं. पण तो गेला, आणि आईनं सरळ विचारलं होतं. मी नळ बंद केला, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. घोळण्यापासून सगळं. तुमचे वडील, तुम्ही, आत्या, धाकटा. ती भाजी निवडत राहिली.

"म्हणजे कंपनीनं नाही मारलं त्यांना."

"तसं नाही म्हणता येत आई. थिनरनं भर घातलीही असेल. ते आता कळायला मार्ग नाही."

"ज्ञान घेऊन बसलीस एवढं आणि कळायला मार्ग नाही." रागानं म्हणाली नाही ती. नुसती म्हणाली. तिनं आणखी एक देठ खुडलं. "कंपनीवर राग धरायला सोपं होतं गं. भिंत होती, गेट होतं. आता कुणावर धरू? सासूबाईंवर? त्या बिचाऱ्या कांदा फोडून देत बसल्या आयुष्यभर." तिनं निवडलेली भाजी चाळणीत टाकली, देठं कागदात गुंडाळली, आणि एकदम थांबली. माझ्याकडे बघितलं. 'आणि तू?' ह्या प्रश्नाची मी वाट बघत होते. पण तिनं प्रश्न विचारलाच नाही, तिचं उत्तर तिलाच सापडलं होतं. तिचा चेहरा उजळत गेला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"म्हणजे तुझं रक्त वेगळंय," ती म्हणाली. "म्हणून त्याच्याशी जुळलं नाही. मी सगळ्यांना विचारत होते, सख्ख्या बहिणीचं जुळत नाही म्हणजे काय. आता कळलं. तू माझ्यावर गेलीस. तू सुटलीस."

मी हो म्हणाले.

तिनं ओल्या हातानं माझा गाल धरला, उठली, आणि कित्येक दिवसांनी दुपारची शांत झोपली. मी तिथेच बसून होते. माझ्या प्लेटलेट्स गेल्या दोन्ही तपासण्यांत आधीपेक्षा खाली आल्या आहेत, पुढची तपासणी लवकर करायला सांगितलं आहे. त्यातून काही निघेलही, निघणारही नाही. तिला कधी तरी सांगावं लागेल किंवा तिला ते न सांगताच कळेल. हे लिहून झालं की मी फाडून टाकणार आहे, कारण आईला अजून चष्म्याशिवाय वाचता येतं आणि ती माझं टेबल आवरते.

एक मात्र तुम्हालाच सांगते. हो म्हणाले ते मी तिच्यासाठी म्हणाले, असं मला कुणालाही पटवता येईल. पण तू सुटलीस, असं ती म्हणाली ना बाबा, तेव्हा क्षणभर मला ते खरं वाटलं, आणि ते पुन्हा एकदा तिच्या तोंडून ऐकावं असं वाटलं.